विश्लेषण : कादंबरीत खून, पडद्यावर अपघात! हिचकॉकच्या ‘रेबेका’चा शेवट का बदलावा लागला?

आल्फ्रेड हिचकॉक म्हटले की ‘सायको’, ‘व्हर्टिगो’, ‘रिअर विंडो’ ही नावे आधी आठवतात. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेला त्यांचा एकमेव चित्रपट यांपैकी कोणताही नाही. तो मान १९४० साली प्रदर्शित झालेल्या ‘रेबेका’चा. डॅफ्नी ड्यू मॉरिए यांच्या १९३८ मधील गाजलेल्या कादंबरीवर तो आधारित आहे. पुस्तकाला धक्का लावायचा नाही, असा निर्मात्याचा आग्रह होता आणि बहुतांश चित्रपटात तो पाळलाही गेला. तरीही कथेचा कणा असलेली एकच गोष्ट बदलावी लागली. कादंबरीतला नायक आपल्या पहिल्या पत्नीचा खून करतो, चित्रपटातल्या नायकाच्या पत्नीचा मात्र अपघाती मृत्यू होतो. लेखिका, दिग्दर्शक किंवा निर्माता यांपैकी कोणालाच हा बदल नको होता. मग तो का करावा लागला, त्याने कथेचे काय झाले आणि हिचकॉक यांनी त्यातून कोणती वाट काढली, याचे हे विश्लेषण. (कथेचे रहस्य आणि शेवट या लेखात उघड केला आहे.)

‘रेबेका’ची कथा काय?

मोंटे कार्लोमध्ये एका श्रीमंत अमेरिकन बाईंची पगारी सोबतीण म्हणून काम करणारी एक बुजरी तरुणी. तिथे तिची मॅक्सिम द विंटर या इंग्रज जमीनदाराशी ओळख होते. तो विधुर आहे, तिच्यापेक्षा वयाने बराच मोठा आहे आणि अबोल आहे. थोड्याच दिवसांत दोघांचे लग्न होते आणि ती त्याच्या मँडर्ली या समुद्राकाठच्या अवाढव्य वाड्यात राहायला येते.

वाड्यात पहिल्या पत्नीच्या, म्हणजे रेबेकाच्या खुणा जागोजागी आहेत. पत्ते लिहायच्या वहीवर, रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर ‘आर’ हे अक्षर आहे. तिची खोली होती तशी ठेवलेली आहे. घराचा कारभार पाहणाऱ्या मिसेस डॅनव्हर्स तिच्या आठवणीत बुडालेल्या आहेत आणि नव्या मालकिणीला पदोपदी तिची पायरी दाखवून देतात. नायिका इतकी दडपलेली आहे की तिच्या हातून चिनी मातीची एक लहानशी मूर्ती फुटते, तेव्हा ती तुकडे खणात लपवून ठेवते. स्वतःच्याच घरात तिला ‘माझ्याकडून फुटली’ एवढे सांगण्याची हिंमत होत नाही.

नवरा आजही रेबेकाच्याच प्रेमात आहे, अशी तिची खात्री पटत जाते. आणि मग समुद्राच्या तळाशी रेबेकाची बुडालेली नाव सापडते. नावेत एक मृतदेह असतो. रेबेकाचा मृतदेह म्हणून मॅक्सिमने याआधीच दुसऱ्या एका स्त्रीचा मृतदेह ओळखून तो घराण्याच्या दफनभूमीत पुरलेला असतो. आता त्याला बायकोला खरे सांगावेच लागते.

विशेष म्हणजे या नायिकेला नाव नाही. कादंबरीत ती स्वतःच कथा सांगते, पण तिचे पाळण्यातले नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपटानेही हे पथ्य पाळले. मेलेल्या स्त्रीचे नाव शीर्षकात आहे आणि जिवंत स्त्रीला नावच नाही.

याला ‘गॉथिक’ का म्हणतात?

एकाकी जुना वाडा, बंद ठेवलेली खोली, भूतकाळ लपवणारा पुरुष आणि त्या घरात नव्याने आलेली तरुण स्त्री ही गॉथिक प्रणयकथेची ठरलेली सामग्री. शार्लट ब्राँटी यांची १८४७ मधील ‘जेन एअर’ हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तिथेही नायकाची पहिली पत्नी घरातच दडलेली असते आणि शेवटी वाडा जळतो. ‘रेबेका’ त्याच घराण्यातली आहे. फरक इतकाच की इथे पहिली पत्नी माळ्यावर कोंडलेली नाही, ती मेलेली आहे. भूत मात्र कुठेही नाही. घाबरवणारी आहे ती फक्त लोकांच्या बोलण्यातून उभी राहिलेली रेबेका.

ड्यू मॉरिए यांनी ही कादंबरी लिहायला घेतली ती इजिप्तमधील अलेक्झांड्रियात. त्यांचे पती ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते आणि तिथे नेमणुकीवर होते. तिथला उकाडा आणि अधिकाऱ्याची पत्नी म्हणून करावा लागणारा पाहुणचार दोन्ही त्यांना नकोसे झाले होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल हा प्रदेश आणि तिथला फॉईजवळचा मेनाबिली हा वाडा त्यांच्या मनात घर करून होता. मँडर्लीचा नकाशा प्रामुख्याने तिथूनच आला. दुसरे बीज अधिक खासगी होते. पतीचे आधी ज्या तरुणीशी लग्न ठरले होते, तिच्याबद्दल वाटणारी असूया. आपली कादंबरी प्रेमकथा म्हणून नव्हे, तर असूयेचा अभ्यास म्हणून वाचली जावी, अशी लेखिकेची अपेक्षा होती. कादंबरीच्या कमाईने हात सैल झाल्यावर १९४३ मध्ये त्यांनी मेनाबिली भाड्याने घेतला आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या तिथे राहिल्या. वाडा त्यांच्या मालकीचा मात्र कधीच झाला नाही.

चित्रपट कसा जुळून आला?

हॉलीवूडचे बडे निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांनी कादंबरीचे हक्क ५० हजार डॉलरना घेतले. ‘गॉन विथ द विंड’च्या हक्कांसाठीही त्यांनी एवढीच रक्कम मोजली होती. त्याच सुमारास त्यांनी ब्रिटनमध्ये नाव कमावलेल्या हिचकॉक यांना करारबद्ध करून अमेरिकेत आणले होते. ‘रेबेका’ हा हिचकॉक यांचा पहिला अमेरिकन चित्रपट. ड्यू मॉरिए त्यांना नव्या नव्हत्या. याच लेखिकेच्या ‘जमैका इन’वर त्यांनी ब्रिटनमधला त्या वेळचा शेवटचा चित्रपट केला होता. पुढे १९६३ मध्ये ‘द बर्ड्‌स’ही त्यांनी तिच्याच कथेवरून केला.

निर्माता आणि दिग्दर्शक यांचे मात्र सुरुवातीलाच वाजले. पुस्तक म्हणजे कच्चा माल, अशी हिचकॉक यांची पद्धत. त्यांनी तयार केलेल्या पहिल्या आराखड्यात नायक बोटीवर सिगार ओढतो आणि त्या वासाने इतर प्रवाशांना मळमळते, असा विनोदी प्रसंग सुरुवातीलाच होता. सेल्झनिक यांनी लांबलचक टिपण लिहून तो आराखडा फेटाळला. त्यांचा हिशोब सरळ होता. लाखो लोकांनी हे पुस्तक वाचले आहे, त्यांना तेच पुस्तक पडद्यावर हवे आहे. नायिकेच्या बारीकसारीक फजित्यांमध्येच वाचकांचा जीव अडकला आहे, त्यामुळे त्या गाळायच्या नाहीत.

शेवटी सेल्झनिक यांचे म्हणणे खरे ठरले. मोंटे कार्लो, फुटलेली मूर्ती, वेशभूषेच्या मेजवानीतला अपमान, डॅनव्हर्सने खिडकीपाशी उभे राहून केलेली कुजबूज, सारे काही पडद्यावर आले. पुढे फ्रान्स्वा त्र्युफो यांना दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत हिचकॉक यांनी हा आपला चित्रपट नव्हेच, अशा अर्थाचे उद्गार काढले. सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात दुसरे महायुद्ध पेटले त्याच महिन्यात, चित्रीकरण सुरू झाले. तोवर निर्मात्याने पुस्तक वाचवले होते. पण त्याच्याही वरचे एक कार्यालय होते.

मग खुनाचा अपघात का झाला?

अमेरिकेतल्या स्टुडिओंनी १९३० मध्ये चित्रपटांसाठी एक आचारसंहिता स्वीकारली होती. विल हेज यांच्या नावावरून ती ‘हेज कोड’ म्हणून ओळखली जाते. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने तिची काटेकोर अंमलबजावणी सुरू केली. हे सरकारी सेन्सॉर नव्हते. उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन होते. सरकारने किंवा धार्मिक संघटनांनी हात घालण्याआधी आपणच आवरलेले बरे, हा त्यामागचा विचार. पण ब्रीन यांच्या शिक्क्याशिवाय मोठ्या चित्रपटगृहांची दारे उघडत नसत. त्यामुळे कागदावर ऐच्छिक असलेला हा नियम प्रत्यक्षात सक्तीचा होता.

गुन्ह्याबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटता कामा नये आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, ही या संहितेची एक मुख्य अट. ‘रेबेका’ नेमकी तिथेच अडली. कादंबरीत मॅक्सिम रेबेकाला गोळी घालतो, प्रेत नावेत ठेवून नाव बुडवतो आणि सुटतो. वर वाचकाला वाटत राहते की तो सुटावा. ब्रीन यांच्या कार्यालयाने पटकथेवर आक्षेप घेतला. खून करून मोकळा राहणारा नायक चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. रेबेकाचे विवाहबाह्य संबंध आणि डॅनव्हर्सच्या तिच्यावरील प्रेमातली शारीरिक छटा यांवरही बोट ठेवले गेले.

सेल्झनिक चिडले. पत्नीचा खून केलेल्या माणसाची ही गोष्ट आहे आणि आता ती अपघातात मेलेल्या पत्नीला गुपचूप पुरणाऱ्या माणसाची गोष्ट होणार, अशी तक्रार त्यांनी आपल्या भागीदाराकडे केली. पण पर्याय दोनच होते. नायकाला फासावर चढवायचे किंवा त्याच्या हातातले पिस्तूल काढून घ्यायचे. त्यांनी दुसरा पर्याय निवडला.

नेमके काय बदलले?

कादंबरीत किनाऱ्यावरच्या झोपडीवजा घरात मॅक्सिम आणि रेबेका समोरासमोर येतात. ती त्याला डिवचते. आपल्याला मूल होणार आहे, ते तुझे नसेल, पण मँडर्लीचा वारस म्हणून तेच वाढेल, असे सूचित करते. तो गोळी झाडतो. पुढे लंडनच्या डॉक्टरांकडून कळते की ती गरोदर नव्हतीच. तिला असाध्य कर्करोग होता. मरण जवळ आले होते आणि तिने नवऱ्याला मुद्दाम चिथावले होते.

चित्रपटात हे सगळे आहे. डिवचणे आहे, वारसाची धमकी आहे, डॉक्टर आहेत. फक्त गोळी नाही. मॅक्सिम सांगतो की आपण बहुधा तिला मारले, मग ती हसत पुढे आली, अडखळून पडली आणि नावेच्या एका जड सामानावर तिचे डोके आपटले. घाबरून आपण प्रेत नावेत ठेवले आणि नाव बुडवली.

गंमत म्हणजे, प्रेत लपवणे आणि दुसऱ्याच स्त्रीचे प्रेत पत्नीचे म्हणून ओळखणे हे गुन्हे चित्रपटातही कायम आहेत. त्यांची शिक्षा नायकाला होत नाही. संहितेने खुनाला शिक्षा मागितली, खोटेपणाला नाही.

शेवटही थोडा वेगळा आहे. कादंबरी क्षितिजावरच्या लाल उजेडापाशी थांबते. मँडर्ली जळत असल्याचे आपण समजून घ्यायचे, डॅनव्हर्सचे काय झाले ते नीटसे सांगितलेले नाही. चित्रपटात डॅनव्हर्स पेटत्या वाड्यात दिसते आणि छत तिच्यावर कोसळते. कादंबरीच्या सुरुवातीलाच कळते की हे जोडपे परदेशातल्या हॉटेलांत दिवस काढते आहे, घराची आठवणसुद्धा जपून काढते आहे. चित्रपटाने हे परागंदा आयुष्य गाळले आणि आगीसमोर दोघांच्या मिठीवर गोष्ट संपवली.

एवढ्याशा बदलाने काय बिघडले?

अनेकांना हा किरकोळ तपशील वाटतो. तरीही पत्नी मेलीच ना, गोळीने काय किंवा डोके आपटून काय? पण या बदलाचा सर्वाधिक फटका मॅक्सिमला नाही, नायिकेला बसला.

कादंबरीत नवरा तिच्यासमोर खुनाची कबुली देतो. त्या क्षणी तिच्या मनात काय येते? भीती नाही, किळस नाही, मेलेल्या बाईबद्दल कणवही नाही. तिला सुटल्यासारखे वाटते. त्याचे रेबेकावर प्रेम नव्हते, एवढेच तिला ऐकू येते. इतके दिवस फुटकी मूर्ती लपवणारी ही मुलगी आता खून लपवायला तयार होते. इथून पुढे ती ताठ मानेने वावरते, नोकरांना हुकूम देते, नवऱ्याला सावरते. तिचे मोठे होणे आणि तिचे गुन्ह्यात सामील होणे एकाच क्षणी घडते. वाचक तिच्या बाजूने असतो, म्हणून वाचकही सामील होतो. पुस्तक मिटल्यावर जी अस्वस्थता उरते ती यामुळे. आपण एका खुनी माणसाची सुटका व्हावी म्हणून पाने उलटत होतो, हे उशिरा ध्यानात येते.

चित्रपटात तीच मुलगी तोच आधार देते. पण नवरा निर्दोष आहे म्हटल्यावर तिच्या निर्णयात जोखीम उरत नाही. निरपराध नवऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी गुणी पत्नी, इतकेच तिचे रूप उरते. कादंबरीने तिला अख्ख्या कथेत एकच खरा, भयंकर निर्णय घ्यायला लावला होता. तोच संहितेने काढून घेतला.

रेबेकाचेही नुकसान झालेच. कादंबरीत ती कितीही वाईट असली तरी तिचा जीव घेतला गेला आहे, एवढी वस्तुस्थिती तिच्या बाजूने उरते. चित्रपटात तेही नाही. तिच्या मरणाला कोणीच जबाबदार नाही.

हिचकॉक यांनी कोणती वाट काढली?

इथे चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग पाहावा लागतो. मॅक्सिम त्या रात्री काय झाले ते सांगतो. अशा वेळी चित्रपट साधारणपणे मागे जातो, घडलेले दाखवतो. हिचकॉक यांनी तसे केले नाही. पडद्यावर रेबेका येत नाही. मॅक्सिम बोलत राहतो आणि कॅमेरा त्या रिकाम्या खोलीत फिरू लागतो. ती कोचावर बसली होती, असे तो म्हणतो तेव्हा कॅमेरा रिकामा कोच दाखवतो. ती उठली, पुढे आली, असे तो म्हणतो तेव्हा कॅमेरा न दिसणाऱ्या बाईच्या चालीने वर उठतो आणि पुढे सरकतो.

तांत्रिकदृष्ट्या ही साधी गोष्ट आहे. एक खोली, एक आवाज, एक सरकता कॅमेरा. पण तिचा परिणाम मोठा आहे. रेबेका दिसत नाही, तरी खोलीत आहे असे वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपघात आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तो सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो नवरा. हाच माणूस वर्षभर सगळ्यांशी खोटे बोलला आहे, हे त्यानेच नुकतेच कबूल केलेले आहे.

म्हणजेच संहितेने संवाद बदलून घेतला, पण चित्राने त्याला दुजोरा दिला नाही. हिचकॉक यांनी हे ब्रीन यांच्या कार्यालयाला चकवण्यासाठी केले, असे म्हणायला आधार नाही. रेबेकाला कधीच न दाखवण्याचा नियम त्यांनी चित्रपटभर पाळला आहे आणि हा प्रसंग त्याच नियमात बसतो. परिणाम मात्र असा झाला की मॅक्सिमवर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रेक्षकावर सुटले. कादंबरी वाचलेला प्रेक्षक तर रिकाम्या कोचाकडे पाहताना न झाडलेली गोळीही ऐकू शकतो.

डॅनव्हर्सच्या बाबतीतही असेच घडले. ज्युडिथ अँडरसन यांनी ही भूमिका केली. ती चालताना फारशी दिसत नाही. नायिका वळते आणि ती शेजारी उभी असते. तिला चालताना दाखवले असते तर ती माणसासारखी वाटली असती, असे हिचकॉक यांचे स्पष्टीकरण होते. रेबेकाच्या खोलीतल्या प्रसंगात ती फरचा कोट गालाला लावते, झिरझिरीत रात्रवस्त्रातून आपला हात कसा दिसतो ते दाखवते. ज्या छटेवर आक्षेप होता ती एकाही शब्दात नाही. ती वस्तू हाताळण्याच्या पद्धतीत आहे आणि तिच्यावर लाल पेन्सिल कशी चालवणार?

शेवटच्या दृश्याबाबत एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते. जळत्या मँडर्लीच्या धुरातून आकाशात प्रचंड ‘आर’ उमटावा, अशी सेल्झनिक यांची कल्पना होती. हिचकॉक यांनी त्याऐवजी रेबेकाच्या पलंगावरचे, तिचे आद्याक्षर भरलेले कापड ज्वाळांत घेतले. नायक-नायिका मिठीत असली तरी पडद्यावरची शेवटची खूण तिचीच आहे. ज्या वाड्यात हे सगळे घडते तो वाडाही खरा नव्हता. बाहेरून दिसणारी मँडर्ली म्हणजे स्टुडिओतली लहान प्रतिकृती होती.

नायिकेचे घाबरणे इतके खरे का वाटते?

मॅक्सिमच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए होते. नायिका म्हणून त्यांना व्हिव्हियन ली हव्या होत्या. पुढे त्याच त्यांच्या पत्नी झाल्या. पण ‘गॉन विथ द विंड’मधली तडफदार स्कार्लेट साकारणारी अभिनेत्री इथे बुजरी कशी वाटणार? बऱ्याच जणींच्या चाचण्या झाल्यावर तुलनेने नवख्या जोन फॉन्टेन यांची निवड झाली. ऑलिव्हिए त्यांच्याशी तुटक वागत. सेटवर तू कोणालाच आवडत नाहीस, असे हिचकॉक आपल्याला मुद्दाम सांगत, असे फॉन्टेन यांनी नंतर सांगितले. पडद्यावरचा संकोच काही प्रमाणात खरा होता. उत्तम अभिनय मिळाला म्हणून अशा वागण्याचे आज कौतुक होणार नाही आणि होऊही नये.

दुसऱ्याच वर्षी हिचकॉक यांच्याच ‘सस्पिशन’साठी फॉन्टेन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. योगायोग असा की तिथेही मूळ कादंबरीतला खुनी नवरा पडद्यावर निर्दोष ठरला. त्या वेळी कारण म्हणून नायक केरी ग्रँट यांची लोकप्रिय प्रतिमा पुढे केली गेली. लागोपाठ दोन चित्रपटांत एकाच अभिनेत्रीने नवऱ्याला घाबरणारी पत्नी साकारली आणि दोन्ही वेळा तिची भीती शेवटी निराधार ठरवली गेली.

ऑस्कर कोणाला मिळाले?

‘रेबेका’ला ११ नामांकने होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कृष्णधवल छायालेखन (जॉर्ज बार्न्स) असे दोन पुरस्कार मिळाले. त्या काळी चित्रपटाचा पुरस्कार निर्मितीसंस्थेला दिला जात असे, त्यामुळे ‘गॉन विथ द विंड’पाठोपाठ सलग दुसऱ्या वर्षी तो सेल्झनिक यांच्या संस्थेने नेला. दिग्दर्शनाचे ऑस्कर ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’साठी जॉन फोर्ड यांना गेले. हिचकॉक यांना दिग्दर्शनासाठी एकूण पाच नामांकने मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

चित्रपटाची एक खूण भाषेतही उरली आहे. फॉन्टेन यांनी यात घातलेल्या समोर उघड्या, साध्या स्वेटरला स्पॅनिश भाषेत आजही ‘रेबेका’ म्हणतात. रेबेका स्वतः तर पडद्यावर आलीच नाही. स्वेटर निनावी नायिकेचा होता, त्यालाही नाव पहिल्या बायकोचेच लागले.

भारतात ही गोष्ट कधी आली?

१९६४ मध्ये हेमंत कुमार यांनी निर्मिलेला आणि बीरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट ‘रेबेका’वरच बेतलेला आहे. नव्या सुनेच्या भूमिकेत वहिदा रेहमान आणि तिच्या पतीच्या भूमिकेत विश्वजीत होते. डॅनव्हर्सची जागा घेणारी दाईमाँ साकारली ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या ललिता पवार यांनी. खाष्ट सासू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ललिताबाई इथे आवाज न चढवता धाक निर्माण करतात. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर एक फरक लगेच जाणवतो. ‘कोहरा’ भुताटकीच्या वातावरणाकडे झुकतो, ‘रेबेका’ तसे काही करत नाही. मात्र ‘दाईमाँ’ या एका हाकेने नाते बदलते. डॅनव्हर्स पगारी नोकर आहे, दाईमाँने तर मालकिणीला लहानाचे मोठे केलेले असते. तिच्या दुःखाला आपल्याकडे आपोआप आईचे वजन येते.

नंतर खून परत आला का?

हो. हेज कोड १९६८ मध्ये मोडीत निघाला आणि त्याच्या जागी वयोगटानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. बेन व्हीटली यांनी २०२० मध्ये नेटफ्लिक्ससाठी केलेल्या ‘रेबेका’त लिली जेम्स आणि आर्मी हॅमर प्रमुख भूमिकांत होते. त्यात मॅक्सिम कादंबरीप्रमाणे गोळी झाडतो. म्हणजे कागदावर ही आवृत्ती मूळ पुस्तकाच्या अधिक जवळची. तरीही समीक्षकांची पसंती मोठ्या प्रमाणावर १९४० च्या चित्रपटालाच राहिली. शेवट मुळाबरहुकूम केल्याने मुळातली अस्वस्थता आपोआप येत नाही. त्यासाठी नायिका सुरुवातीला खरोखर दडपलेली दिसावी लागते आणि कबुलीनंतर ती बदलते तेव्हा आपल्याला तिची थोडी भीतीही वाटावी लागते.

आज ‘रेबेका’ कसा पाहावा?

हा १३० मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. पहिल्यांदा पाहताना मोबाइलऐवजी शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण दारांच्या मुठी नायिकेच्या खांद्याएवढ्या उंचीवर का आहेत आणि खोल्या इतक्या प्रशस्त का आहेत, हे छोट्या पडद्यावर निसटते.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र एक प्रश्न मनाशी ठेवावा. रेबेकाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कोणी सांगितले? डॅनव्हर्स तिची भक्ती करते. चुलतभाऊ फेव्हेल तिचा प्रियकर आहे आणि पैशांसाठी धमकावतो आहे. ती दुष्ट होती, हे सविस्तर सांगणारा माणूस तिचा नवरा आहे आणि ते तो सांगतो तिच्या प्रेताचा शोध लागल्यावर. तिची बाजू मांडायला कोणीच नाही. संहितेला खुनी मोकळा सुटल्याची काळजी होती. मेलेल्या बाईचे म्हणणे कोणी ऐकले का, हा प्रश्न त्या कार्यालयाच्या यादीत नव्हता. तो त्या रिकाम्या कोचाने विचारला आहे आणि नव्या प्रेक्षकासमोर तो आजही तसाच येतो.